टोपीला हात

राहनाळच्या आमच्या गोडाऊनात सिनेमावाल्यांनी महिनाभर पोलीस चौकी थाटली होती. सिनेमातली गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची, लाचखाऊ पोलिसांची. त्यामुळे शिपाई सगळे अर्ध्या चड्डीत. समोरच्या रस्त्यावर दोन पिंपं आणि एक आडवा बांबू ठेवून त्यांनी खोटी नाकाबंदीही लावली.

पहिल्याच दिवशी खरा टेम्पो आला. ड्रायव्हरने बांबू बघितला, चड्डीतला शिपाई बघितला आणि मुकाट्याने लायसन पुढे केलं. त्यात घडी घातलेली नोट. अरे बाबा, असला पोलीस तू जन्मात कधी पाहिलास का? पण सवय ती सवय. शिपाई झालेला नट बावचळला, त्याच्या हातून नोट पडली. ड्रायव्हरच खाली उतरला, नोट उचलून परत त्याच्या हातात दिली आणि हिंदीत विचारलं, साहेब नवीन दिसता?

दिग्दर्शक खूश. हाच प्रसंग सिनेमात हवा म्हणाला. पण त्या नटाला नोट घेताच येईना. एकदा प्रसाद घेतल्यासारखी ओंजळ केली, एकदा विंचू चावल्यासारखा दचकला. अख्खा दिवस त्यातच गेला.

मी चहा घेऊन गेले होते, आणि माझं तोंड गप्प बसेल तर शपथ. म्हटलं, माझे वडील हवालदार होते, पडघ्याला राहतात, चालणं, सलाम, सगळं शिकवतील. एवढ्यावर थांबावं की नाही? पण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, म्हणून मुद्दाम आवाज चढवला. "घ्यायचं कसं ते मात्र त्यांना विचारू नका. माझ्या बापाने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही."

हे वाक्य म्हणजे माझं स्त्रीधन. लग्नात आमच्याकडून काही आलं नाही, त्यावरून सासरी उठता-बसता टोमणे. प्रत्येक टोमण्याला माझं हेच उत्तर. बाप प्रामाणिक म्हणून मी रिकाम्या हाताने आले, असं सांगत पंचवीस वर्षं मान ताठ ठेवून काढली या घरात.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. गाव जमलं, सासूबाई पुढच्या खुर्चीत. बाबांनी सलाम दाखवला, दंडुका कसा धरायचा ते दाखवलं. मग नट पुन्हा नोटेशी झोंबायला लागला. बाबा थोडा वेळ बघत राहिले, पण त्यांना राहवेना. "असं न्हाय," म्हणाले आणि त्याची टोपी मागून घेतली.

त्यांनी ड्रायव्हर झालेल्या नटाचं लायसन हातात घेतलं, वाचल्यासारखं केलं, परत दिलं आणि टोपी सारखी केली. बस. नोट कुठेच नाही. मी डोळे फाडून बघत होते, तरी मला दिसली नाही.

"खिशाकडे हात गेला तर सगले बघतात," बाबा नटाला समजावत होते. "टोपीला हात लावला तर कोन बघतंय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्दर्शकाने तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा तर बाबांनी ड्रायव्हरला मुलाबाळांची चौकशी करत करत नोट गायब केली. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी सासूबाई एकट्या वाजवत होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मी बाबांना गोडाऊनच्या मागे नेलं. वाटेत त्यांच्यासाठी उत्तरही मीच शोधून ठेवलं. बघून शिकले असतील, म्हटलं, सोबतचे लोक घेत असतील आणि हे बघत असतील. तसं त्यांना सांगूनही पाहिलं. त्यांनी टोपी काढली, आतली नोट माझ्या हातात दिली आणि सिनेमावाल्यांची आहे, आठवणीने परत दे म्हणाले.

मग मी सरळच विचारलं, "बाबा, तुम्ही घेत होतात?"

त्यांनी नीट आठवून पाहिलं.

"रोज न्हाय, बाय."