दह्यातलं भरीत

मी माझ्या जावयावर जळतो. हे मी कुणाला सांगत नाही, पण बायकोला ठाऊक आहे आणि शेजारच्या अक्कांनाही संशय आहे. त्याला चांगली नोकरी आहे, धुळ्याला देवपुरात स्वतःचं घर आहे, दारात गाडी आहे, त्याचं मला काही नाही. उलट बरंच आहे, पोरगी सुखात आहे. माझा जळफळाट होतो तो भरतावरून. हसा खुशाल. जळगावच्या माणसाचं डोकं भरतावरून फिरायचं नाही तर कशावरून फिरायचं?

आमच्या घरात स्वयंपाक बायकोचा आणि भरीत माझं. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला, मला साधा चहा धड जमत नाही. पण दिवाळी सरली आणि बाजारात ती हिरवट-पांढरी, गुबगुबीत वांगी आली, की मी मागच्या अंगणात तीन विटा मांडतो. एक मित्र रावेरकडच्या त्याच्या शेतातून तुराट्यांचा भारा आणून टाकतो. तुरीच्या त्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगं भाजायचं, ते रडायला लागलं की फिरवायचं, साल करपून आतला गर लोण्यासारखा झाला की सोलायचं. मग लाकडाच्या खोलगट बडगीत घालून ठेचायचं. वर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि हात आखडता न घेता तेल. बस. टमाटा नाही, मसाला नाही, हळदसुद्धा नाही. भाजताना माझ्याशी कुणी बोलायचं नाही, हा नियम.

नियम फक्त पोरीला लागू नव्हता. ती पाटावर बसून बडबड करायची आणि मी तिला एका शब्दानं बोलायचो नाही. मीठ बघायचा मानही तिचाच. भाकरीचा तुकडा हातात घेऊन ती टपलेली असायची. बडगीतून पहिला घास उचलायचा, फू फू करत तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे आणि न्यायाधीशासारखं सांगायचं, "पप्पा, अजून चिमूटभर." मी चिमूटभर टाकायचो. कॉलेजात गेली तरी हे चालूच होतं. कुणी विचारलं, की तुमच्या घरी भरीत कोण करतं, तर ती म्हणायची, आमचे पप्पा, आणि असं भरीत अख्ख्या जळगावात मिळणार नाही. हे मी चार माणसांत तिच्या तोंडून ऐकलं आहे. माझी छाती तेव्हा किती फुगायची ते मलाच माहीत.

मग तिचं लग्न झालं. पोरगा चांगला, शांत, नाकासमोर चालणारा. एकच खोड, त्याला स्वयंपाकघरात फार करमतं. पहिल्या भेटीलाच आमच्या ओट्याजवळ जाऊन उभा राहिला आणि सासूला विचारायला लागला, शेवभाजीला रस्सा असा दाट कसा होतो? बायको खूश. आमच्याकडे जावयानं पलंगावर बसायचं असतं आणि आपण ताट नेऊन द्यायचं असतं. त्याला काही बोलायची सोय नाही. पोटचा पोरगा असता तर म्हटलं असतं, बाहेर हो. जावयाला म्हणायचं, "बापू, उन्हातून आलात, बसा ना जरा." तो म्हणाला, "असू द्या पप्पा, इथं बरं वाटतं."

गेल्या दिवाळीनंतर पोरगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. तिला पाहून मी आधी बाजार गाठला. वांगी निवडायला मी इतका वेळ लावला, की भाजीवाली म्हणाली, "नाना, वांगं लेवानं शे की सून पाहवानी शे?" मी म्हटलं, "पोर आलीये, तिला डोहाळे लागलेत." तसं कुणी मला सांगितलं नव्हतं. पण तिला दुसरे कसले डोहाळे लागणार, अशी माझी खात्रीच होती.

भरीत असं साधलं होतं म्हणता! धुराचा वास अंगणभर. बायकोनं ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या भाकरी थापल्या होत्या. मीठ बघायला मी पोरीला हाक मारली, तर ती म्हणाली, "तुम्हीच बघा ना पप्पा, मला खाली बसवत नाही." बरोबर आहे, पोटुशी बाई. मी ताट तिच्या हातात नेऊन दिलं. तिनं दोन घास खाल्ले, छान आहे म्हणाली, आणि मग जरा चाचरत विचारलं, "आई, दही आहे का गं?"

मला वाटलं, तिखट लागलं असेल. बायकोनं वाटी आणली. आणि माझ्या डोळ्यांदेखत पोरीनं ते दही भरतावर ओतलं आणि कालवलं.

"हे काय?" मी म्हणालो.

"आमच्याकडे दह्यातलंच करतात, पप्पा. ह्यांच्या हातचं खाऊन खाऊन सवय झालीये."

दह्याचं राहू द्या. तो शब्द ऐकला का तुम्ही? आमच्याकडे! लहानपणापासून ही पोरगी 'आपल्याकडे' म्हणत आली. आपल्याकडे भरतात टमाटा घालत नाहीत, असं तिनं शाळेत मैत्रिणीला डब्यावरून सुनावलं होतं. आपल्याकडे म्हणजे ती, तिची आई आणि मी. आता 'आमच्याकडे' म्हणजे देवपूर, आणि त्यात मी नाही. एका शब्दाच्या फरकानं मी घराबाहेर झालो आणि मला बाहेर काढलं हे तिला कळलंसुद्धा नाही.

मी म्हणालो, "त्याला भरीत म्हणत नाहीत. कोशिंबीर म्हणतात."

बायको चिडली की तिची माहेरची बोली बाहेर येते. "तुमनं काय चाली राहिनं?" ती कडाडली. "पोर दोन घास खाई राहिनी, खाऊ द्या ना तिले!" मी मनात म्हटलं, हा पोरगा पुण्याला शिकायला होता, तिकडूनच हे दही आणलं असणार.

रविवारी तो आला. पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि थेट ओट्याशी. अंगणात तुराट्यांचा भारा पडलेला असताना ह्या माणसानं वांगी गॅसवर भाजली. मी दारात उभा राहून पाहत होतो. सोलली, चमच्यानं मोडली, चमच्यानं! बडगी कोपऱ्यात तशीच. दही घुसळून घातलं, वरून फोडणी. आणि माझी पोरगी, जी माझ्या हातचे दोन घास खाऊन थांबली होती, ती बोटं चाटून जेवली. पुन्हा वाढून घेतलं. "मीठ बरोबर आहे का?" त्यानं विचारलं, आणि तिनं डोळे मिटले. हो, अगदी तशीच.

मलाही वाढलं होतं. नाही कसं म्हणायचं? जावई आहे. मी घास घेतला, आणि सांगतो, वाईट असतं तर बरं झालं असतं. मेलं छान लागत होतं.

दोन दिवस मी धुसफुसत काढले. मग म्हटलं, दहीच हवं ना? आपण घालू. त्यात काय मोठंसं? मी तुराट्यांवर वांगी भाजली, ठेचली आणि गरम भरतातच दही ओतलं. ते फाटलं. पाणी एकीकडे, गर एकीकडे. तरी ताट नेलं. पोरीनं पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि इतक्या मायेनं बोलली, की रागावली असती तर परवडलं असतं. "असू द्या पप्पा, कशाला त्रास घेता? रविवारी हे येतील, ते करतील." त्यानंतर मी तिच्यासाठी भरीत केलं नाही. वांगी स्वस्त झाली, गल्लीत घरोघरी धूर निघायला लागला, पण मी आमच्या विटा हलवल्यासुद्धा नाहीत. बायको म्हणाली, लहान पोरासारखे रुसलात. रुसलो तर रुसलो.

मुलगी झाली. गोरी, रडकी, नाक आमच्या घरचं. त्यानंतर बायकोनं पोरीचं वांगं बंदच केलं, बाळंतिणीला वातूळ म्हणून. शेपू, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. मनाला जरा बरं वाटलं. माझं नाही तर नाही, त्याचंही नाही.

बारशाला पाहुणे येणार होते आणि त्यांना भरीत-पुरी हवी होती, तेव्हा मला विटा मांडाव्याच लागल्या. सकाळी मी जाळ पेटवला, तर हा येऊन शेजारी बसला. मी वांगी मांडली, तो काड्या सारत राहिला. मग तो म्हणाला, "पप्पा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोला ना बापू."

"तुमच्या भरतानं मला पहिलं वर्ष फार छळलंय."

मी वांगं फिरवायचं थांबलो.

"हिला मी किती वेळा भरीत करून घातलं," तो म्हणाला. "हिचं एकच. पप्पांचं असं नसतं. म्हणून इथली वांगी मागवली. पप्पांचं असं नसतं. गच्चीवर काड्या पेटवून भाजली, शेजारची माणसं धुरावरून भांडायला आली. तरी तेच, पप्पांचं असं नसतं. एक दिवस वैतागलो आणि दही ओतलं. म्हटलं, आता कर बरोबरी! तुमच्या भरतात दही नसतंच, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा तुमचं नाव निघालं नाही. तेव्हापासून दहीच घालतो." आणि मान खाली घालून म्हणाला, "खरं सांगू का, मी तुमच्यावर फार जळायचो."

मी चुलीत फुंकर मारली. धूर डोळ्यांत गेला म्हणून बरं. माझं तोंड त्याला दिसायला नको होतं, कारण मला हसू आवरत नव्हतं. माझ्या भरतानं धुळ्यात जाऊन ह्या पोराला वर्षभर जेरीस आणलं होतं आणि मला इथं बसून काही खबर नव्हती!

पण तो आनंद बारशाच्या पंगतीपर्यंतसुद्धा टिकला नाही. पुऱ्या वाढता वाढता मला वाटलं, हे सगळं तिकडे झालं ना? पोरगी माझ्या नावानं हट्ट करायची ती देवपुरात, त्याच्यासमोर. ते ऐकायला मी कुठं होतो? माझ्यासमोर तर तिनं दहीच मागितलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. म्हणजे हे ऐकायचं नशीबही जावयाचंच. मला पुन्हा त्याचा हेवा वाटायला लागला. त्याच्या ओट्याचा, त्याच्या गच्चीचा.

तीन महिन्यांचं बाळ घेऊन पोरगी सासरी निघाली तेव्हा हंगामातली शेवटची वांगी घरात होती. आता तिला वांगं चालतं, असं बायकोनं जाहीर केलं होतं. गाडीत लाडू गेले, पापड गेले, ज्वारीचे बिबडे गेले, बाळाची दुपटी गेली. बायको मला कोपरानं ढोसत होती. "डबा भरा ना. वांगा आणेल शेतस ना कालदिन?" मी म्हणालो, वेळ कुठं आहे? वेळ भरपूर होता. सकाळपासून मी नुसता पेपर चाळत बसलो होतो. मी ठरवलं होतं, की द्यायचं नाही. असलं की दही ओततात, तर नसू दे.

गाडी गेली. बाळ नाही, पोर नाही, घर एकदम खायला उठलं. बायको डोळे पुसत आत गेली आणि मी ओट्यावरच्या त्या वांग्यांकडे बघत बसलो. मला वाटलं, आपण काय मूर्खपणा केला. तिच्या लक्षातही येणार नाही.

फोन वाजला तेव्हा ती पारोळ्यात होती. बाळाला पाजायला गाडी थांबवली होती. "पप्पा, भरताचा डबा कुठं ठेवलाय? सगळ्या पिशव्या उपसल्या."

"राहिला वाटतं," मी म्हणालो.

"राहिला? असा कसा राहिला?" तिचा आवाजच बदलला. "बाळ झाल्यापासून वाट बघतेय मी, पप्पा. म्हटलं, आता गाडीत बसल्या बसल्या खाईन." आणि ती चक्क रडायला लागली. भुकेली, बाळाच्या जागरणांनी दमलेली, रस्त्यात माझ्या भरतासाठी रडतेय.

मागून जावयाचा आवाज आला, "अगं, रडतेस काय? घरी पोचलो की मी करून देतो ना."

"तुमचं नको," ती म्हणाली.

 फोनवर नुसती बाळाची कुरकुर ऐकू येत होती. स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेलं ते पोरगं मला स्पष्ट दिसत होतं. त्याला कुठं लागलं असेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार? मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "उद्या पहिल्या गाडीनं घेऊन येतो बेटा," मी म्हणालो, आणि बायको दारात उभी राहून बघत होती, म्हणून तोंड जरा वाईट करून फोन खाली ठेवला.