जुईच्या टॅबची पारख

मोबाईलच्या दुकानात वर्षभरात दोन गोष्टी साठतात. एक म्हणजे कुठल्याच फोनला न बसणारी कव्हरं, आणि दुसरे किस्से. कव्हरं मी दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकते, किस्से मात्र टाकवत नाहीत. आमचं दुकान शहापूरला एसटी स्टँडच्या समोर. गाडीला वेळ असला की माणूस सावलीसाठी आत शिरतो, आणि शिरला की बोलायला लागतो. आमचे हे मागे दुरुस्तीच्या टेबलावर मान खाली घालून बसतात. काउंटर माझ्याकडे, म्हणून किस्सेही माझ्याकडे!

आज एकाच घराचे सांगते. शेणवा गावचा बाळाराम आजा, त्याचा मुलगा विलास, सून रेश्मा आणि नात जुई. जुई सहा वर्षांची. तिच्यासाठी एक टॅब घ्यायचा होता, बस एवढंच काम. अख्खा मे महिना त्या घराने माझं डोकं खाल्लं, आणि खरं सांगायचं तर मी त्यांचं!

*

पहिल्या दिवशी आजा, रेश्मा आणि जुई असे तिघं आले. आजाने डोक्याचं फडकं काढून घाम पुसला आणि म्हणाला, "बाय, या पोरीला टॅब पायजे."

आता माझी एक वाईट सवय आहे. दुकान मोबाईलचं, पण लहान पोरांच्या हातात मोबाईल दिलेला मला खपत नाही. गिऱ्हाईक असो नाहीतर कोणी असो, मी बोलतेच. आमचे हे म्हणतात, "तू अशीच बोलत राहिलीस तर उद्या आपण भाजी विकू."

मी सुरू झाले. "आजा, सहा वर्षांची पोर! हिला टॅब? डोळे बिघडतील हो तिचे!"

रेश्माने पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर उघडली. एकेका पानावर स्केचपेनने काढलेलं एकच अक्षर, तळहाताएवढं.

"डोळं आधीच कमी हायत वैनी," ती म्हणाली. "चष्म्यानं व्हायचं तेवढं झालं. पुस्तक नाकाला लावलं तरी दिसत नाय, फळा तर नायच. शाळेतल्या बाई अशी अक्षरं काढून देतात, ती सगळी वाचते. पण अख्खं पुस्तक बाई किती लिवणार? डॉक्टर बोलले, टॅबमधी अक्षर मोठं करून दावा. जमलं तर पोरगी घरी राहील. नाय जमलं तर जूनपासून लांबच्या बोर्डिंगच्या शाळेत ठेवावी लागंल. ती शाळा चांगली हाय म्हणतात. पण एवढंसं लेकरू, वैनी..."

तिने वही मिटून पिशवीत ठेवली. मला इतकी लाज वाटली की काउंटरखाली शिरावंसं वाटलं. जुई तेवढ्यात स्टुलावर बसून काचेच्या कपाटाला नाक लावून रंगीत कव्हरं बघत होती.

आजाने फडकं परत डोक्याला बांधलं. "बाय, तुजं भाषण झालं असंल तर माल दाव."

*

मी माल दाखवला. आणि आजाने तो बघायला सुरुवात केली!

माझं माहेर मुरबाडकडचं. म्हसा गावच्या जत्रेत बैल बघणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलेली आहेत. त्यामुळे दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की हा माणूस टॅब बघत नाहीये. हा बैल बघतोय!

आधी त्याने टॅब हातात न घेताच चारी बाजूंनी नजर फिरवली. मग पाठीवरून हात फिरवला. मग उलटा करून चार्जिंगच्या भोकात डोकावला, दात बघावे तसा.

"आधीचा मालक कोण?"

"आजा, नवीन आहे. खोक्यातून आत्ता काढला तुमच्यासमोर."

"कोणीच वापरला नाय?"

"कोणीच नाही."

आजाने तो झटक्यात काउंटरवर ठेवला. "मंग याची खोड कशी कळायची?"

कंपनीची एक वर्षाची गॅरंटी आहे म्हणून मी सांगितलं. त्यावर आजा हसला. "बैल इकणारा पन हेच बोलतो गो!"

*

पुढच्या रविवारी विलास आला. हा आसनगावच्या बाजूला एका कंपनीत कामाला आहे. कंपनीतल्या मित्रांना विचारून त्याने एका कागदावर यादी करून आणली होती. रॅम इतकी, प्रोसेसर अमुक, बॅटरी तमुक. मी म्हटलं, चला, माहिती असलेला माणूस आला. आता लवकर आटपेल!

त्याने एक मोठा भारी टॅब मागितला आणि त्यावर क्रिकेटची मॅच लावली. म्हणाला, "स्क्रीन चेक करतो." एक ओव्हर झाली, दुसरी झाली. गिऱ्हाईकं आली आणि गेली. आमचे हेसुद्धा हातातलं काम टाकून त्याच्या खांद्यामागे येऊन उभे! सहाव्या ओव्हरला रेश्मा दारात आली. ती बाजार करून परतली होती, दोन्ही हातांत पिशव्या.

"झालं का बघून?"

"क्लिअर दिसतंय एकदम," विलास मान वर न करता म्हणाला.

"तुमाला दिसतंय हो! तुमचं डोळं चांगलंच हायत!"

विलासने मॅच बंद केली. आमचे हे मान खाली घालून परत दुरुस्तीच्या टेबलावर गेले. मी मात्र मोठ्याने हसले, आणि त्या एका टॅबचं गिऱ्हाईक गमावलं.

*

मग माझ्यातला शहाणपणा जागा झाला. कल्याणच्या एका ओळखीच्या दुकानातून मी एक नवीनच वस्तू मागवून घेतली. तळहातात मावेल एवढी, खाली कॅमेरा आणि वर स्क्रीन. पुस्तकावर ठेवून सरकवायची, की अक्षर वांग्याएवढं दिसतं. मी स्वतःवर भयंकर खूश होते!

आजाला आणि जुईला बोलावून घेतलं. आजाने ती वस्तू जुईच्या आधी स्वतः हातात घेतली आणि मग सोडेचना. आधी स्वतःचा अंगठा बघितला. "आयला! ही रेघ बग, नांगरल्यावानी!" मग खिशातल्या पुडीतलं भाताचं बियाणं काढून एकेक दाणा बघितला आणि त्यातले चार दाणे खराब ठरवले. मग माझ्या काउंटरची काच बघितली. "बाय, पुसत नायस का गो?"

शेवटी ती जुईकडे आली. तिने पुस्तकावर ठेवली, हळूहळू सरकवली आणि एक ओळ वाचली. पूर्ण ओळ! मी टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात रेश्माचा फोन आला. ती शाळेच्या बाईंशी बोलून आली होती. "वैनी, बाई इचारतात, पुस्तक दिसंल, पण फळा दिसंल का?"

आम्ही ती वस्तू दारासमोरच्या झाडाकडे धरली. नुसता हिरवा रंग. मी ती परत खोक्यात भरायला लागले.

आजा एकटाच खुशीत होता. "पोरीला नको तर नको. ही मला दे!"

*

आता सगळ्यात कमाल ऐका. आजा म्हणाला, बैल घेताना आपण आठ दिवस नेऊन औताला जुंपून बघतो. तसाच एक टॅब मला नेऊ दे. नवीन खोकं फोडून कसं देणार? पण माझ्या लेकीचा जुना टॅब घरात पडून होता. म्हटलं, पोरीचं भलं होतंय, न्या!

बरोबर आठव्या दिवशी आजा हजर. टॅब दुपट्यात गुंडाळलेला, वर सुतळी. बसला, पाणी प्यायला आणि रिपोर्ट द्यायला लागला.

"सोमवारी बांधावर नेला. उन्हात काळा पडतो. हा उन्हाचा नाय. मंगळवारी पडवीतून खाली पडला. पडला तसा उठला, पाय मजबूत हाय. बुधवारी म्हातारीनं त्याच्यात बघून कुंकू लावलं, आरशाचं काम करतो. गुरवारी भजनाला नेला. आवाज बारीक. खातो मात्र कमी. एकदा चार्जिंग केलं का दीड दिस बघाया नको."

मी थक्क होऊन ऐकत होते. सतरा वर्षं दुकान चालवतेय, पण एवढी तपासणी कुठल्या कंपनीनेसुद्धा केली नसेल!

"आणि जुईला कसा वाटला?" मी विचारलं.

"जुईला?"

"हो! तिने वाचलं का काही?"

आजा ताठ बसला. "दुसऱ्याचा माल, बाय! पोराच्या हातात कसा देणार? आठ दिस कपाटात कुलपात ठेवला. तिचं बोट पन लागू दिलं नाय त्याला!"

मागे ह्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला.

*

यावर तुम्ही आजाला हसाल. मी पण हसले. पण पुढच्याच आठवड्यात मी काय केलं ते ऐका, म्हणजे कोणाला हसायचं ते ठरवता येईल.

मी ठरवून टाकलं की डोळे कमी आहेत, तर स्क्रीन मोठी पाहिजे. दुकानातला सगळ्यात मोठा टॅब काढला आणि जुईच्या मांडीवर ठेवला. पोर त्याच्या मागे दिसेनाशी झाली! रेश्मा म्हणाली, "परातीएवढा हाय की." मी ऐकलं नाही. जुईने तो दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांपाशी नेला. हात थरथरायला लागले, तशी तिने तो परत मांडीवर ठेवला.

"जड हाय," ती म्हणाली.

एवढ्या दिवसांत माझ्या दुकानात तिने स्वतःहून उच्चारलेला हा पहिला शब्द. आणि मी, आजा, रेश्मा, तिघंही एका सुरात काय म्हणालो?

"सवय होईल!"

*

शाळा उघडायला चार दिवस राहिले. बाईंनी निरोप दिला होता की पहिल्या दिवशी टॅब घेऊन या, फळा वाचता येतो का बघू. नाहीतर बोर्डिंगचा फॉर्म भरायला उशीर नको. त्यामुळे अख्खं घर दुकानात आलं. विलासने रजा टाकली होती. रेश्माचे डोळे सुजलेले होते.

काउंटरवर तीन टॅब. मी मोठ्याच्या बाजूने, विलास भारी प्रोसेसरच्या बाजूने, आणि आजा एका जाडजूड टॅबच्या बाजूने, कारण तो ठोकल्यावर चांगला वाजत होता! आवाज इतके चढले की रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. मोठा टॅब कपाटातून काढताना एक छोटा, बघायला म्हणून चालूच ठेवलेला, आडवा येत होता, तो मी बाजूला ठेवला होता. दाखवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

"शे... ण... वा," मागून आवाज आला.

"वॉरंटी दोन वर्षांची पायजे," विलास म्हणत होता.

"आये, शेणवा."

"गप गो, बोलतोय ना आमी," आजा म्हणाला.

"आजा, शेणवा चालली!"

आता सगळे वळलो. जुई दुकानाच्या पायरीवर उभी होती. तो छोटा टॅब तिने नाकाजवळ धरला होता आणि कॅमेरा स्टँडकडे. स्टँडच्या पार पलीकडच्या टोकाला एक एसटी मागे येत होती. माझे डोळे धडधाकट, पण तिकडची पाटी मला दुकानातून आजवर वाचता आलेली नाही. मी वाकून जुईच्या टॅबमध्ये बघितलं. दोन बोटांनी ताणून मोठी केलेली स्क्रीनभर पाटी, आणि पाटीवर शेणवा!

रेश्माने विलासची बाही ओढली. "वाचलं तिनं! अवो, वाचलं!"

"वाचलं ते झालं, पन गाडी गेली ना!" आजा ओरडला. त्यानंतरची गाडी तीन तासांनी होती.

मग काय, पळापळ! पुढे जुई, टॅब तसाच नाकाजवळ धरून. तिचा दंड धरून रेश्मा. मागे पिशव्या सांभाळत विलास, आणि सगळ्यात मागे धोतर आवरत आजा, "थांब रे! थांब!" करत. आणि त्यांच्या मागे मी, पदर खोचून! कशाला पळत होते, टॅब दुकानाचा होता म्हणून की आनंदाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

विलासने गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. गाडी थांबली. सगळे चढले. आजाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, छाती धपापत होती, पण तोंडभर हसू.

"बाय, हाच! हाच ठेवला!"

मी दहा पावलांवर उभी राहून नुसती मान हलवत होते. बोलायला श्वासच नव्हता. कंडक्टर दारातून म्हणाला, "वैनी, येताय का शेणव्याला? नाय तर बेल देतो."

बेल वाजली. शेजारच्या खिडकीत जुईने टॅब वर केला आणि माझ्याकडे धरला. आधी माझ्या तोंडाकडे, मग हळूहळू खाली आणत गेली. आणि एकदम अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आये! काकीच्या पायांत चपला नायत!"

अख्खी गाडी खिडकीतून माझ्या पायांकडे बघायला लागली. मी पण बघितलं.

खरंच नव्हत्या!