आतला संडास आणि पहिली श्रेणी

चामराजपेटेतल्या त्या बंगल्यात शारदाक्का मला काहीतरी विचारत होत्या आणि मी मंकी टॉपचे फोटो काढत होतो. मंकी टॉप म्हणजे खिडकीवरचा लाकडी पट्ट्यांचा टोकदार छज्जा. जुन्या बंगळुरूची खूणच ती. त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

"अण्णा, संडास मागच्या अंगणात आहे. पायऱ्या उतरायला स्वल्प त्रास होतो. आत एक बांधून घेऊ का?"

माझं काम जुन्या इमारतींचं वारसामूल्य ठरवायचं. फॉर्ममध्ये वय, कारागिरी, इतिहास असे रकाने असतात. एक रकाना 'इंटिग्रिटी'चा, म्हणजे मूळ बांधणी किती शाबूत आहे त्याचा. भिंत फोडून पाइप घातले की तिथले मार्क जातात. इतकं न बिघडवलेलं घर मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. मला हाव सुटली.

"वारसा-इमारतींची यादी होईपर्यंत थांबा," मी म्हणालो. "दोन-तीन महिने फार तर."

"सरी," म्हणजे बरं, त्या म्हणाल्या. वकिलाच्या ऑफिसात जन्मभर टायपिंग केलेली, एकटी राहणारी बाई. फॉर्म घेऊन आलेल्या माणसाचं ऐकायची त्यांना सवय होती.

रिपोर्टमध्ये मी तो संडास फोटोसकट घातला. खाली लिहिलं, 'मूळ व्यवस्था आजही वापरात.' साहेबांनी मीटिंगमध्ये ते वाक्य मुद्दाम वाचून दाखवलं आणि मी फुशारलो. यादी मात्र लांबत गेली. तीन महिन्यांचे अकरा झाले. शारदाक्कांना एक फोन करावा, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

फोन आला तो त्यांच्या पुतण्याचा, बनशंकरीहून. पायरीवरून पडून अक्कांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याच आठवड्यात यादी निघाली. बंगला पहिल्या श्रेणीत. साहेब अभिनंदन करत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

पुतण्याकडे अक्कांना भेटायला गेलो. तो म्हणाला, "तुम्ही थांबा म्हणालात, म्हणून थांबली ती." मी माफी मागितली. ती मलाच तोकडी वाटली. अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यादी झाली ना, अण्णा?" त्यांनी विचारलं. "आता बांधू?"

पहिल्या श्रेणीच्या घरात परवानगीशिवाय एक वीट हलवता येत नाही, हे मला त्यांच्या पलंगाशी उभं राहून सांगावं लागलं.

अर्ज मीच लिहिला, रोज मीच पाठपुरावा केला. संडास झाला. इंटिग्रिटीचे मार्क मी स्वतः कापले. आमच्या फॉर्ममध्ये घरात कोण राहतं याला रकाना नाही. तो अजूनही नाही. मी समासात लिहितो.