पुरं केलेलं जहाज

एक डोळा मिटायचा, टूथपिकवर टोचलेला प्लास्टिकचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरायचा, त्याच्यावर हळूच फुंकर मारायची आणि म्हणायचं, "वालू दे."

म्हणजे वाळू दे. हे काका, गोदामातले माझे सोबती, जवळच्याच कोन गावचे. त्यांच्या तोंडात 'ळ' कधी टिकला नाही. रंग ओला असला तरी 'वालू दे', सर्व्हर बंद पडला तरी 'वालू दे', साहेब चिडून केबिनमध्ये गेले तरी 'वालू दे'. पूर्णा इथल्या आमच्या गोदामात तुम्ही एक दिवस जरी काम केलं असतंत, तर संध्याकाळी घरी जाऊन तुम्हीही हेच म्हणाला असतात.

आम्ही दोघं परत आलेल्या मालाच्या विभागात होतो. लोक ऑनलाइन वस्तू मागवतात, नापसंत करतात, फोडतात, परत पाठवतात. काका खोकं उघडून तपासायचे, मी कॉम्प्युटरवर नोंद करायची. ज्या जमिनीवर हे गोदाम उभं होतं ती एकेकाळी त्यांच्या मामेभावाची भातशेती होती. "हितं आमी चिंबोऱ्या पकडल्यात," अशी खेकड्यांची आठवण ते अकरा नंबरच्या रॅककडे बोट दाखवून सांगायचे. नव्या मुली आधी हसायच्या, मग खाली फरशीकडे बघायच्या.

अशाच एका परत आलेल्या खोक्यात त्यांना अंतराळातल्या काल्पनिक जहाजाचा मॉडेल किट सापडला होता. अर्धे भाग गायब, बाकीचे मोडलेले. भंगारात जाणार होता. साहेबांना विचारून ते घरी घेऊन गेले आणि वयाच्या पन्नाशीत त्यांना ते वेड लागलं.

हरवलेल्या भागांच्या जागी त्यांनी जे हाताला लागलं ते लावलं. दाढीच्या रेझरचं डोकं, संपलेल्या रिफिली, मच्छर मारायच्या औषधाच्या बाटलीचं झाकण, शर्टाच्या कॉलरमधली प्लास्टिकची पट्टी. यंत्रमागावरच्या सुताच्या रिकाम्या कांड्यांची त्यांनी इंजिनं केली. मोबाइलवर ते परदेशी कारागिरांचे व्हिडिओ बघायचे, आवाज बंद करून. मी एकदा म्हटलं, "काका, ते काय सांगतायत ते तरी ऐका."

"इंग्रजी आपल्याला न्हाय कलत. हात बग त्याचा. हात सगल्यांचा एकच बोलतो."

नवंकोरं जहाज त्यांना आवडत नसे. वापरलेलं दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी ते जेवणाच्या सुट्टीत मला वडपे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकांकडे घेऊन जायचे. धूर नेमका कुठे बसतो, गंज कुठल्या खिळ्यापासून सुरू होतो, पावसाचं पाणी त्या गंजाला कुठल्या दिशेनं ओघळवतं, हे ते वाकून वाकून बघायचे. एका ड्रायव्हरनं विचारलं, "चाचा, क्या ढूँढ रहे हो?"

"जंग."

"जंग? अरे बहुत है, सब ले जाओ!"

काका मनापासून हसले आणि त्याच्या मडगार्डचा फोटो काढून घेतला.

त्यांच्या प्रत्येक जहाजाच्या पाठीवर एक इवलंसं निळं पिंप असायचं. "इतक्या लांब माणसं जाणार तर पाणी नको?" जहाज उडताना ते पिंप पडेल, असं मी म्हटलं की म्हणायचे, "बांधलंय ना दोरीनं, बग." आणि खरंच, दोऱ्याचा एक धागा तिथे बांधलेला असायचा.

रंगकाम मला त्यांनीच शिकवलं. आधी काळा हात, त्यावर राखाडी, मग ब्रशवरचा रंग जवळजवळ सगळा कापडाला पुसून उरलेल्या रंगानं नुसत्या कडा घासायच्या. स्पंजच्या तुकड्यानं रंगाचे टवके उडाल्यासारखे ठिपके द्यायचे. दादा गेल्यानंतरच्या त्या दोन वर्षांत माझं डोकं ज्या एका गोष्टीत लागलं, ती ही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना फार पटकन निकालात काढाल. मलाही ते जमलं असतं तर बरं झालं असतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तेविसाव्या वर्षी डेंग्यूनं गेला. आजारी पडायच्या आधी आतेभावानं त्याला असाच एक जहाजाचा किट भेट दिला होता. दादानं तो अर्धा जोडला. धड तयार, डावा पंख लावलेला, उजवा पंख सुटा, रंग काहीच नाही. समोरच्या तीन खिडक्यांपैकी मधली त्यानं घासताना तिरकी करून ठेवली होती. आणि डाव्या पंखाच्या खाली, धडावर, त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. अशा किटचा गोंद प्लास्टिक वितळवून जोडतो. ओल्या गोंदावर बोट पडलं की ठसा प्लास्टिकमध्येच उमटतो, तो पुसला जात नाही. आई रोज ते जहाज शोकेसमधून काढून पुसायची. एक दिवस म्हणाली, "रंग तरी लागायला हवा होता गं त्याला. खोक्यावर किती छान दाखवलाय, पांढरा आणि केशरी."

मी काकांना विचारलं. स्वतः रंगवायची माझी हिंमत नव्हती.

काका आमच्या घरी आले. हात धुतले, टॉवेल पसरला, त्यावर जहाज घेतलं आणि खूप वेळ समोरून बघत राहिले. "तोंड काय सुंदर हाय याचं," म्हणाले.

मी त्यांना सगळं समजावलं. फक्त रंग द्यायचा. सुटा पंख सुटाच ठेवायचा. तिरकी खिडकी तिरकीच. आणि ठसा दाखवून म्हटलं, "इथे रंगसुद्धा नको, काका."

"हात न्हाय लावाचा तिथं," ते म्हणाले. "समजला मला, बाय."

जहाज टॉवेलात गुंडाळून ते निघाले, तेव्हा आई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली.

काका तेव्हा स्वतःचं एक मोठं जहाज करत होते, जवळजवळ हातभर लांब. तीन वर्षं चालू होतं. ठाण्याला मॉडेल करणाऱ्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे त्यांना ते ठेवायचं होतं. सगळं झालं होतं, फक्त पुढचा भाग मनासारखा होत नव्हता. "तोंड जमत न्हाय," असं ते महिन्यातून चारदा म्हणायचे. ही दोन वाक्यं मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकली होती. तरी माझ्या डोक्यात ती कधी शेजारी आली नाहीत.

महिना गेला, दोन गेले. विचारलं की उत्तर एकच, "वालू दे." आई घाई करायला लागली तेव्हा त्यांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. सुटा पंख, पांढरा, कडेनं केशरी पट्टा. इतका नेटका की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तो फोटो स्वतःच्या फोनच्या पडद्यावर लावून घेतला. फोन आला की आधी तो पंख दिसायचा.

प्रदर्शनाची तारीख काकांनी मला सांगितली नाही. मला ती आमच्या सुपरवायझरकडून कळली. मला वाटलं, लाजले असतील. रविवारी दुपारी मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन ठाण्याला गेले.

सभागृहात गर्दी होती. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टेबलामागे उभे होते, आणि चार कॉलेजची मुलं त्यांना गंज कसा केला ते विचारत होती. जहाज अप्रतिम झालं होतं. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला फक्त अभिमान वाटला. त्यातला एक गंजाचा ओघळ त्यांनी मला शिकवताना काढलेला होता. टेबलावर विशेष पारितोषिकाची चिठ्ठी लावलेली होती. मग मी समोरच्या बाजूला आले.

तीन खिडक्या. मधली तिरकी.

मी वाकले. डावा पंख कापून काढला होता, धडाचा मागचा भाग नव्हता, फक्त पुढचा अर्धा त्या हातभर जहाजाला सांधला होता. आणि डाव्या बाजूला, जिथे ठसा होता तिथे, पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या प्लास्टिकवर काळा रंग होता. मी बोट लावलं. एक स्वयंसेवक म्हणाला, "मॅडम, प्लीज हात लावू नका."

काकांनी वर बघितलं. मुलांना काहीतरी सांगून ते टेबलाला वळसा घालून आले.

"बाय, मी तुला सांगणारच होतो."

"ठसा कुठाय?"

"परीक्षकाला असा डाग लगेच दिसतो," ते म्हणाले, आणि 'डाग' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, काहीतरी शोधल्यासारखा. "ते अर्धवट होतं बाय. नुसतं शोकेसमधे पडून होतं. मी पुरं केलं. बग ना, हजार माणसांनी बगितलं आज."

"अर्धवटच होतं ते, काका. तो अर्धवटच गेला."

माझ्या हातात अजून पेढ्यांचा बॉक्स होता. तो मी त्या स्वयंसेवकाला दिला आणि बाहेर पडले.

नंतर आम्ही एकाच विभागात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत राहिलो. ते खोकं उघडून आतली वस्तू सांगायचे, मी टाइप करायचे. मिक्सर, झाकण फुटलेलं. चप्पल, एकाच पायाची. दुसरं काही नाही. मला सर्वांत जास्त काय छळायचं सांगू? त्यांनी कापलं ते नाही. कापल्यानंतर तीन महिने ते रोज माझ्यासमोर बसून डबा खात होते, आणि आईची तब्येत विचारत होते, ते.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं हेच कळत नव्हतं. एका रविवारी सकाळी तेच आले. दार आईनं उघडलं.

ते बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "ताई, तुमच्या मुलाचं जहाज मी कापलं. माज्या जहाजाला लावलं. पोरीनं सांगितलं होतं तसं न्हाय केलं. खोटं बोललो."

आईनं विचारलं, "सगळंच कापलंत?"

"न्हाय." त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला. त्यात तो पांढरा-केशरी पंख होता. "लागलेलं तोंड आता सुटत न्हाय, ताई. सोडवाया गेलो तर तुटंल. तुमी म्हणाल तर तोडून आणतो."

"तोडू नका," आई म्हणाली. तिनं पंख घेतला, खिडकीपाशी नेला, उलटसुलट करून बघितला. केशरी पट्ट्यावरून बोट फिरवलं. "रंग छान दिलाय," म्हणाली. आणि मग, मला अजून विश्वास बसत नाही, तिनं विचारलं, "चहा घेता ना?"

मी गॅलरीत निघून गेले. मागे कपबशा वाजल्या. आई त्यांना दादाबद्दल सांगत होती, लहानपणी त्यानं घरातलं घड्याळ कसं उघडून ठेवलं होतं ते. काका एकदा हसलेही. खाली गल्लीत कापडाचे तागे लादलेला टेम्पो मागे घेत होते आणि माझ्याच घरात दोघं माणसं माझ्यावाचून समेट करत होती. आईनं त्यांना माफ केलं. मला विचारलं नाही.

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "एवढं सोपं होतं का गं?"

"सोपं नाही," ती कप विसळत म्हणाली. "पण खोटं बोललेलं कबूल करायला तो जिना चढून आला. तुझे बाबा आयुष्यात कधी असे आले नाहीत."

हे मला त्या दिवशी पटलं नाही. आजही अर्धंच पटतं.

वर्षभरात काका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना समोसे वाटून ते माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. मी टाइप करत होते. ते बराच वेळ उभे होते, मग कुणीतरी फोटोसाठी त्यांना हाक मारली. मी टाइप करत होते ती नोंद चुकीची होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागली.

यंदा दिवाळीनंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला, त्यातच ते गेले. निरोप आईच्या फोनवर आला. आई म्हणाली, "बुधवारी भेटायला जाऊ या कोनला. तुला सुट्टीच आहे."

"मी नाही येणार."

"त्याच्या बायकोला काय सांगू?"

"सांग, कामावर आहे."

आई मान हलवून आत गेली.

बुधवारी सकाळी ती रिक्षानं कोनला गेली. मी डबा भरला, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि गोदामावर गेले. त्या घरात माझ्या नावानं खोटं बोललं जाऊ नये एवढंच मला हवं होतं. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आज तुमचा ऑफ आहे ना?" मी म्हटलं, "थोडं काम राहिलंय." काम काहीच राहिलेलं नव्हतं. तरी पाच वाजेपर्यंत मी तिथे बसून राहिले.