छर्रे जुने, भाव नवा

नेमबाज मंडळी, आज आदिलाबादच्या बाजारात एअरगनचे छर्रे घ्यायले गेलो. मागच्या खेपेपेक्षा भाव दुप्पट!

"इतके महाग काऊन हो, शेठ?"

"लढाई चालू हाय ना तिकडे. नवा माल महाग येऊन राह्यला." पेपरातून डोकं बी वर काढलं नाही.

डबी उघडली, तं शिशाचे छर्रे पडून पडून पांढरे झालेले. झाकणावर बोटभर धूळ. हा म्हणे नवा माल!

"शेठ, हे तं लढाईच्या आधीचे दिसून राह्यले."

"शौक तुमचा हाय. नको असन तं ठेवा."

आसपास दुसरीकडे छर्रे भेटत नाहीत, हे त्याले पक्कं ठाऊक. अन् आमी बी काय शाने! गुपचाप दोन डब्या घेतल्या.

आमी कागदावर नेम धरतो, हा गादीवर बसून आमच्यावर. सांगा, आपल्यात याच्यापेक्षा चांगला नेम कोणाचा हाय?