आराम दे दो

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मला ते नीट समजलं होतं. एवढं एक वाक्य मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच.

आमच्या कुत्रीच्या पुढच्या उजव्या पायाला, खांद्याच्या जरा खाली, गाठ आली होती. दहा वर्षांची होती ती. दापोऱ्याला साडूच्या केळीच्या मळ्यात, सुकलेल्या पानांच्या ढिगात कुईकुई करत सापडली आणि बायकोने पदरात घालून घरी आणली. तेव्हापासून घरातच.

एक्स-रे बघून डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. बायको बाहेर ऑटोत कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर म्हणाले, हाडाचा कॅन्सर आहे, हाड आतून पोखरलंय, गोळ्यांनी आता फरक पडायचा नाही. एक सुई द्यायची, दोन मिनिटांचं काम, तिला कळणारही नाही. मग म्हणाले, शेपूट हलवते म्हणून दुखत नाही असं समजू नका. मालक दिसला की ही जात मरतानाही शेपूट हलवते. विचार करून सांगतो, म्हणालो. मला सोडायला ते दारापर्यंत आले आणि बायकोच्या देखत म्हणाले, "अब इसको आराम दे दो, भैया. देर मत करना."

ऑटो शनवाऱ्याच्या चौकापर्यंत आली तेव्हा बायकोने विचारलं, "आराम द्या म्हणजे? हिला फिरवायचंच नाही का?"

इथं राज्याच्या सीमेलगत आम्ही सगळेच अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलतो. बायको रावेरकडची. तिच्या माहेरी ताप उतरला की आराम पडला म्हणतात, दुखणाईताला मऊ गादी घालून दिली की आराम दिला म्हणतात. डॉक्टरांचा शब्द तिने माहेरचा समजून घेतला. मी म्हणालो, "थोडं फिरवलं तर चालेल. जेवढे दिवस आहेत तेवढे आरामात जाऊ द्या म्हणाले."

कॅन्सरचं मी तिला खरं सांगितलं. फार दिवस नाहीत हेही सांगितलं. खोटं बोललो ते त्या एका शब्दापुरतं.

का बोललो, ते लिहायलाच बसलोय. मुलगी इंदूरला शिकायला गेल्यापासून आमच्या घरात बोलणं उरलं नव्हतं. जेवण वाढू का, गॅसचा नंबर लावला का, एवढंच. भांडणही नव्हतं. त्या संध्याकाळी ऑटोतून उतरताना बायको माझ्या खांद्याला धरून रडली. कित्येक वर्षांत तिने मला असा हात लावला नव्हता. मला वाटलं, सुई आजच दिली तर हे आजच संपेल.

मग आम्ही आराम द्यायला लागलो. मी कागदाच्या कारखान्यातून घरी यायचो तेव्हा बायको ओसरीवर गोधडी अंथरून, तेल कोमट करून वाट बघत असायची. ती पाय चोळायची, मी कुत्रीला धरायचो. गाठीवरून अंगठा गेला की कुत्री दात दाखवायची आणि लगेच बायकोचा हात चाटायची. बायको म्हणाली, "माझे पाय आयुष्यात दाबले नाहीत, हिच्यासाठी बरे रोज बसता." मी हसलो, तीही हसली. मध्ये कुत्री थरथरत होती. भर एप्रिल होता. बायको म्हणाली, तापाने थंडी वाजत असेल. मी म्हणालो, हो, आणि शाल आणून दिली.

मुलीने फोनवर सांगितलं होतं, कुत्रीला जे जे आवडतं ते सगळं एकदा करा आणि मला व्हिडिओ पाठवा. मी मावा जिलेबी आणायचो. कुत्री ती खायची, थोड्या वेळाने ओकायची, आणि शेपूट हलवायची. व्हिडिओत मी शेपूट घेतली. डॉक्टरांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा कापला आणि कारखान्याचा होता म्हणून सांगितलं.

असे एकोणीस दिवस. लग्नानंतरचं पहिलं वर्ष सोडलं तर इतका सुखात मी कधी नव्हतो.

शेवटच्या रविवारी मुलगी आली होती. नदीवरचा राजघाट कुत्रीचा लाडका. लहानपणी ती पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत पळायची. ऊन उतरल्यावर तिला स्कूटीवर पुढे बसवून तिथं नेलं. वरच्या पायरीवर ती बसून राहिली. खाली बघायची, माझ्याकडे बघायची. बायको म्हणाली, "राहू द्या, तिचं मन नाही." मुलगीही म्हणाली, राहू द्या पप्पा, इथूनच फोटो काढते. मी चार पायऱ्या खाली उतरलो, जिलेबीची पुडी हलवली आणि दहा वर्षं ज्या आवाजात हाक मारत आलो त्याच आवाजात हाक मारली.

मी बोलावलं म्हणून ती उठली. दुसऱ्या पायरीवर पाय टेकला आणि कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. मग ती ओरडली. ते कसं, हे मी लिहिणार नाही. मी धावत वर गेलो, तिचं डोकं उचललं, तेव्हा माझ्याकडे बघून तिने शेपूट हलवली.

त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात तिला टेबलावर ठेवलं. डॉक्टर सुई भरत होते आणि बायको रडत, चिडून त्यांना म्हणाली, "आपने ही तो बोला था आराम दो. दिया ना हमने आराम."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुत्रीच्या कानाकडे बघत राहिलो.

"हाँ भाभी," ते म्हणाले, "मैंने ही बोला था."

दोन मिनिटंही लागली नाहीत.

घर महिन्याभरात पहिल्यासारखं गप्प झालं. बायको मात्र एका विषयावर अजून बोलते. गल्लीत कोणाचं जनावर आजारी पडलं की सांगते, त्या डॉक्टरकडे नेऊ नका, त्याला काही कळत नाही, इलाज करायचा सोडून आराम सांगतो. लोक ऐकतात. मी शेजारी उभा असतो. डॉक्टर बाजारात दिसले तर मान हलवून पुढे जातात. त्यांनी तोंड उघडलेलं नाही.

कुत्रीला आता काही परत देता येत नाही. डॉक्टर खरं बोलले होते आणि मला ते समजलं होतं, हे बायकोला सांगायचं माझ्याकडे राहिलं आहे. मी ते अजून सांगितलेलं नाही.