नॉर्वेचं भविष्य आणि स्लाऊचा फ्रिज

‘सन दोन हजारपर्यंत नॉर्वेचा माणूस ऑफिसात गरम जेवू लागेल,’ असं ग्रॅहमने बोर्डवर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ग्रॅहम माझा बॉस. तो नॉर्वेला एकदाही गेलेला नव्हता. भविष्य सांगायला ते बरं असतं, मन विचलित होत नाही.

ही नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका मार्केट रिसर्च कंपनीत होते. लोक पुढे काय खातील, काय वापरतील हे आम्ही कंपन्यांना आधीच सांगायचो. पुण्यात हेच काम करणारा माणूस पोपट घेऊन बसतो. आमच्याकडे ओव्हरहेड प्रोजेक्टर होता.

या वेळचे क्लायंट सावंतकाका होते. कॉव्हेंट्रीत त्यांची फॅक्टरी होती, सुपरमार्केटला समोसे पुरवायची. ते मूळचे मालवणचे, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, म्हणून मला ते काका. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की नॉर्वेत तेलाचा पैसा वाहतोय आणि लोक दुपारी थंड पाव चावतायत. एका माणसापुरत्या गरम करीचे ट्रे पाठवले तर सोनं होईल. पण त्याचं मोठं मशीन बसवायला जागा एकच होती, समोशांच्या लाइनची. समोसे बंद केले की ते वळणाऱ्या बायका घरी. त्यातल्या बऱ्याच जणी फॅक्टरी सुरू झाल्यापासून तिथे होत्या. काका म्हणाले होते, “तुमचा रिपोर्ट हो म्हणाला, तरच समोसा बंद करीन.”

नॉर्वेला जाऊन संशोधन करायला बजेट नव्हतं. पण स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका नॉर्वेजियन शिपिंग कंपनीचं ऑफिस होतं. दोन-तीन वर्षांसाठी बायकामुलांसकट आलेली माणसं. ग्रॅहम म्हणाला, नॉर्वेच आपल्याकडे आलाय, आपण कशाला जायचं? लंडनच्या पंजाबी वस्तीत, साउथॉलमध्ये फिरून पंजाबचं भविष्य सांगण्यासारखंच हे. पण मी काय बोलणार? मला पुणं सोडून वीस वर्षं झाली होती आणि माझ्या डोक्यातल्या पुण्यात लोक अजून सायकलवरून ऑफिसला जात होते.

आम्ही तिथे प्लेसमेंट केली. म्हणजे माणसाच्या हातात वस्तू ठेवायची, काही दिवस वापरू द्यायची आणि मग आवडली का ते विचारायचं. रोज सकाळी काकांचे ट्रे त्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये जायचे. दुसऱ्या दिवशी रिकामे ट्रे मिळायचे, धुऊन, पुसून, एकात एक रचून. आवडलं का? हो. पुन्हा खाल का? हो. ग्रॅहमला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. “वै,” तो म्हणाला. वैजयंती हे नाव त्याच्या जिभेला फार लांब पडायचं. “वै, आपण एक संस्कृती बदलताना बघतोय.”

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी वॉटफर्डहून, घरून, निघाले आणि एम ट्वेंटीफाइव्ह मोटरवेवर ट्रॅफिकच नव्हता. असे चमत्कार क्वचित होतात. त्यामुळे मी त्या ऑफिसात नेमकी त्यांच्या लंचच्या वेळेला पोचले, म्हणजे साडेअकराला. सगळे, अगदी त्यांचा मॅनेजरसुद्धा, एका लांब टेबलाशी बसले होते. प्रत्येकापुढे कागदात बांधलेला डबा. त्यात ब्राउन ब्रेडच्या स्लाइस, वर तपकिरी चीज, आणि स्लाइस चिकटू नयेत म्हणून मध्ये कागदाचे तुकडे. करीचा वास कुठेच नव्हता. मी फ्रिज उघडला. काकांचे ट्रे आत जसेच्या तसे, प्रत्येकावर नाव लिहून ठेवलेले.

मी इंग्रिडला गाठलं. ती अकाउंट्समध्ये होती, दोन मुलांची आई.

“तुम्ही हे खात नाही?”

“खातो की,” ती म्हणाली. “घरी.”

“पण हे लंच आहे.”

“हे गरम जेवण आहे,” ती म्हणाली, लहान मुलाला समजवावं तशी. “दुपारी हे खाल्लं तर संध्याकाळी पाचला घरी भूक कुणाला असेल? मुलं जेवायला थांबलेली असतात.”

तिने आणखी सांगितलं ते असं. एकच ट्रे चौघांना पुरायचा नाही, म्हणून ती करी एका बाउलमध्ये काढायची, शेजारी काकडी, दही, मका मांडायची. मुलं मऊ पोळीसारख्या ब्रेडमध्ये हवं ते भरून गुंडाळी करून खायची. शुक्रवारी हाच बेत व्हायचा आणि सगळ्यांचे हात बरबटायचे. हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आवडलं का, एवढंच विचारलं होतं. कुठे, कधी, कुणाबरोबर, हे प्रश्न आमच्या बजेटात बसले नव्हते.

आणि मला एकदम वाईट वाटलं. काकांसाठी नव्हे, माझ्यासाठी. आमचे हे वॉटफर्डच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्यांची घरी यायची वेळ देवालाही ठाऊक नसायची. मुलं टीव्हीसमोर जेवायची, मी ओट्याशी उभ्याने. आम्ही चौघं एका टेबलाशी शेवटचं कधी बसलो होतो ते मला आठवेना.

ग्रॅहमला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की ही संक्रमणातली माणसं आहेत. नॉर्वे उद्या युरोपियन युनियनमध्ये सामील होणार, बायका उशिरापर्यंत काम करणार, पाचचं जेवण इतिहासजमा होणार. संस्कृती पगाराच्या मागे चालते. “तुझं निरीक्षण छान आहे, अपेंडिक्समध्ये टाक.” अपेंडिक्स म्हणजे रिपोर्टचं शेवटचं पान. शरीरातल्या अपेंडिक्सइतकाच त्याचा उपयोग.

प्रेझेंटेशन कॉव्हेंट्रीत झालं. काकांच्या केबिनच्या काचेतून खाली समोशांची लाइन दिसत होती. ग्रॅहम तासभर बोलला. नॉर्वेचा आलेख वर चढत गेला, चढत गेला आणि गरम करीवर जाऊन टेकला. मग काका माझ्याकडे वळले आणि सरळ मराठीत म्हणाले, “वैजू, तू सांग. ही माणसं दुपारी माझा ट्रे खातील?”

ग्रॅहम हसऱ्या चेहऱ्याने दोघांकडे बघत होता. माझं प्रमोशन त्याच्या सहीवर अडकलं होतं.

“नाही खाणार, काका,” मी म्हणाले. “दुपारी पाव खातात आणि चार वाजता घरी पळतात. तुमची चव आवडली त्यांना, पण ती घरी, मुलांबरोबर. समोसा बंद करू नका.”

“मग हा तासभर काय बोलला?”

“तो आलेख बघून बोलला. मी फ्रिज उघडून बघितला.”

“एव्हरीथिंग ऑल राइट?” ग्रॅहमने विचारलं.

“शी सेज इट्स अ ब्यूटिफुल रिपोर्ट,” काका म्हणाले. ते खोटं नव्हतं. स्पायरल बाइंडिंग होतं, मुखपृष्ठावर डोंगर होता.

काकांनी मशीन घेतलं नाही. ग्रॅहमने ‘क्लायंटला दूरदृष्टी नाही’ असा शेरा मारला. पुढे नॉर्वेच्या लोकांनी मतदान करून युरोपला ‘नको’ म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला पाव खाल्ला. ग्रॅहम डायरेक्टर झाला. माझं प्रमोशन अपेंडिक्समध्येच राहिलं.

नॉर्वे बदलला नाही असं मात्र नाही. काकांनी नंतर शुक्रवारच्या जेवणासाठी मसाल्याच्या बाटल्या पाठवून बघितल्या, तर तिथला शुक्रवार आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला. घरोघरी मेक्सिकन टाको! बाउल मांडायचे, भरायचं, गुंडाळायचं, हात बरबटवायचे. एवढा मोठा देश बदलला आणि मेक्सिकोने त्यासाठी एक रिपोर्टसुद्धा मागवला नव्हता. काकांनी उरलेल्या बाटल्या मंडळात वाटल्या.

त्यातल्या चार आमच्या घरी आल्या. मी यांना सांगितलं, शुक्रवारी सहाला घरी या, हॉस्पिटल तुमच्याशिवाय तासभर जगेल. पहिल्या शुक्रवारी हे सव्वासातला आले, पण आले. मी पोळ्या केल्या, वाट्या मांडल्या. धाकटा म्हणाला, “आई, माझा पोळी फाटला.” त्याच्या बाबांनी त्याला दुसरी गुंडाळून दिली, तीही फाटली, आणि दोघं तशीच खात बसले.

रिटायर होताना कंपनीने मला विचारलं, इतक्या वर्षांत तुमचा कुठला अंदाज खरा ठरला? मी म्हटलं, एकही नाही. मुलं आता आपापल्या घरी असतात, शुक्रवारी मात्र येतात, आणि पोळ्या अजून फाटतात.